उन्हानें करपलेली कातडी आणि घरची शुश्रूषा

वैशाख लागला, कीं आपल्या घरांतील दोन वर्ग उन्हाच्या तडाख्यांत सांपडतात. पहिला मुलांचा. शाळेला सुट्टी लागलेली असते, कोंकणांत आजोळीं जाणें झालेलें असतें, आणि मग समुद्राच्या वाळूंत, विहिरीच्या पाण्यांत किंवा खेळाच्या मैदानावर दिवस केव्हां मावळला हें त्यांचें त्यांना कळत नाहीं. दुसरा वर्ग घरांतील बायकांचा. पापड, कुरडया, सांडगे, चिकवड्या, वर्षाचें तिखट, हळद आणि गहूं हीं सारीं कामें याच दोन महिन्यांत उरकावीं लागतात, आणि तीं उन्हांतच होणारीं. गच्चीवर ओणवें होऊन कुरडया घालणाऱ्या बाईची मान, पाठीचा उघडा भाग, कोपराखालचे हात आणि पावलांची वरची बाजू तासन् तास उन्हांत असते.

रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं तक्रारी सुरू होतात. मुलाला अंगांतला सदरा सहन होत नाहीं. सुनेला मानेवर पदराचा काठ टेंकला तरी झोंबतें. मुलाची तक्रार घरांत ऐकली जाते, कारण तें रडून सांगतें. सुनेची बहुधा ऐकली जात नाहीं. तिच्याकडे पाहून निघणारा पहिला उद्गार असतो, "अग बाई, किती काळवंडलीस!" आणि पहिला उपाय म्हणून पुढें येतें तें लिंबू. उन्हानें करपलेली कातडी ही रंगाची खोड नसून शरीराला झालेली इजा आहे, हें घरांतील सर्वांच्या ध्यानांत यावें, आणि त्या इजेवर काय करावें व काय करूं नये हें नीट समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चार शब्द, चार निरनिराळीं दुखणीं

आपल्या भाषेंत उन्हाच्या त्रासाला पुष्कळ शब्द आहेत, आणि ते उगाच नाहींत. घामोळें म्हणजे घामाच्या ग्रंथींचीं तोंडें बंद होऊन उठलेली बारीक पुरळ. ती बहुधा कपड्यानें झांकलेल्या भागीं, जेथें घाम कोंडतो तेथें उठते. ऊन लागणें, ज्याला डॉक्टर उष्माघात म्हणतात, तें सर्व शरीराचें दुखणें. त्यांत अंग तापानें फणफणतें, माणूस बरळूं लागतो, शुद्धि हरपते; तें जिवावर बेतणारें आहे. रापणें म्हणजे उन्हापासून बचाव म्हणून त्वचेनें आपलें रंगद्रव्य वाढविणें. आणि करपणें म्हणजे त्वचेचा प्रत्यक्ष दाह. तो जेथें ऊन पडलें तेथेंच होतो आणि कपड्याची कड जेथें असेल तेथें जणूं रेघ मारल्यासारखा संपतो. ही रेघ दिसली, कीं घामोळें कोणतें आणि करपणें कोणतें यांत गोंधळ होण्याचें कारण उरत नाहीं.

करपण्याचा एक मोठा कपटी गुण असा, कीं तें उशिरां उघडकीस येतें. चुलीचा चटका बसला तर हात त्याच क्षणीं मागें येतो. उन्हाचें तसें नाहीं. त्वचेची आग आणि लाली दिसूं लागते ती साधारणपणें तीन ते पांच तासांनीं, तिचा जोर बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान होतो, आणि दोन-तीन दिवसांनीं ती ओसरूं लागते. आठवड्याच्या अखेरीस वरची सालपटें निघतात. तेव्हां दुपारीं परत आलेल्या मुलाची पाठ पाहून "कांहीं झालेलें नाहीं" असा निकाल देऊं नये. त्याच दिवशीं पुन्हां समुद्रावर जाण्याची परवानगी तर मुळींच देऊं नये.

दुसरी गोष्ट रंगाची. गोऱ्या त्वचेवर लाली तात्काळ दिसते. सांवळ्या त्वचेवर ती लपते. एकाच घरांत दोन जावांचीं मुलें सारखींच उन्हांत खेळून येतात. एकाची पाठ लालबुंद दिसते म्हणून त्याला माया मिळते आणि दुसऱ्याची सांवळी पाठ तितकीच दुखत असूनहि तें मूल हट्टी ठरतें. सांवळ्या त्वचेंतील रंगद्रव्य अधिक संरक्षण देतें हें खरें, पण तें चिलखत नव्हे. म्हणून डोळ्यांवर विसंबूं नये. आपल्या हाताची मागची बाजू त्या जागेवर हलकेच ठेवावी: भोंवतालच्या त्वचेपेक्षां ती जागा ऊन लागत असेल, ताणल्यासारखी वाटत असेल आणि स्पर्शानें दुखत असेल, तर ती करपलेली आहे असें समजावें.

भाजतें तें उष्णतेनें नव्हे

उन्हाचा चटका आणि उन्हाची उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हें कळावयास मनुष्यजातीला फार दिवस लागले. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांत तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण आहेत असें दाखविलें. पुढच्याच वर्षीं योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला पट्ट्याच्या दुसऱ्या टोंकास, जांभळ्याच्या पलीकडे, रुप्याचा क्षार काळा पाडणारे अदृश्य किरण आढळले. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हणत; आज अतिनील हा शब्द रूढ आहे.

१८२० च्या सुमारास इंग्लंडांतील शस्त्रवैद्य एव्हरार्ड होम यांनीं स्वतःच्या हातांवर एक साधा प्रयोग केला. एक हात उघडा व दुसरा काळ्या कापडानें झांकलेला, असे दोन्ही हात उन्हांत धरले. कापडाखालीं उष्णता अधिक होती, तरी तो हात सुखरूप राहिला आणि उघडा हात मात्र भाजला. उष्णता हें कारण नव्हे, एवढें यावरून स्पष्ट झालें. १८८९ सालीं स्वीडनमधील नेत्रवैद्य विड्मार्क यांनीं त्वचेचा हा दाह अतिनील किरणांमुळेंच होतो हें प्रयोगानें सिद्ध केलें. या किरणांपैकीं 'बी' वर्गाचे किरण त्वचेच्या पेशींतील डीएनए या आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. फार बिघडलेल्या पेशी स्वतःचा नाश करून घेतात. शरीर तेथें दाहकारक द्रव्यें सोडतें, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आणि आपल्याला दिसते ती लाली, जाणवते ती आग. सालपटें निघतात तीं याच मेलेल्या पेशींचीं.

या ज्ञानाचा घरगुती उपयोग मोठा आहे. हवा गार असली, वारा सुटला असला, आभाळ आलें असलें म्हणजे ऊन भाजत नाहीं ही समजूत त्यामुळें खोटी ठरते. पातळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खालीं येऊं शकतात. आषाढांत आळंदीहून पंढरपुरास चालत जाणाऱ्या वारकऱ्याची मान ढगाळ दिवसांतहि करपते ती यामुळें. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागें या किरणांचा जोर सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेंकतो. यात्रेस गेलेलीं आपलीं वडील माणसें थंडीनें कुडकुडत असतांनाच नाक व गाल भाजून घेऊन परत येतात, त्याचें कारण हेंच. कोरडी वाळू सुमारें पंधरा टक्के किरण उलट फेंकते. पाण्यांत अर्धा मीटर खोलीवरहि पृष्ठभागावरील जोराच्या चाळीस टक्के जोर उरतो. म्हणून छत्रीखालीं बसलेला माणूस किंवा गळ्यापर्यंत पाण्यांत उभा असलेला मुलगा निर्धास्त नाहीं.

आपल्या प्रांतासंबंधीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें सूर्य येथें वर्षांतून दोनदां बरोबर माथ्यावर येतो व क्षणभर उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. पहिली खेप मे महिन्यांत येते: कोल्हापूरकडे पहिल्या आठवड्यांत, पुण्या-मुंबईस महिन्याच्या मध्यावर, नागपुरास शेवटच्या आठवड्यांत. दुसरी खेप पावसाळ्यांत येते व ढगांमुळें लक्षांत येत नाहीं. शिवाय घड्याळाची बारा ही वेळ म्हणजे खरी मध्यान्ह नव्हे. मे महिन्यांत मुंबईस सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा वाजून गेल्यावर. म्हणजे "बारा वाजून गेले, आतां ऊन उतरेल" असें म्हणून जी बाई गच्चीवर जाते, ती नेमकी ऐन उन्हांत जाते. आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड असेल तोंपर्यंत उघड्यावर रेंगाळूं नये, ही घड्याळाहून सोपी खूण सर्वांना लक्षांत ठेवतां येईल.

पहिले चोवीस तास

कातडी करपली आहे असा संशय आला, कीं पहिलें काम म्हणजे त्या माणसाला सांवलींत आणणें, आणि दुसरें म्हणजे ती जागा थंड करणें. यासाठीं पाण्याइतकें चांगलें औषध नाहीं. मात्र मे महिन्यांत दुपारीं गच्चीवरील टाकीचें पाणी इतकें तापलेलें असतें, कीं नळाखालीं हात धरणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. म्हणून न्हाणीघरांत रात्रींच एक बादली भरून ठेवावी किंवा माठांतील पाणी मिसळून घ्यावें. जुन्या धोतराचें किंवा सुती लुगड्याचें मऊ, धुतलेलें फडकें त्यांत भिजवून, हलकेच पिळून त्या जागीं ठेवावें. दहा-पंधरा मिनिटें ठेवून, तापलें कीं पुन्हां भिजवावें. असें दिवसांतून चार-सहा वेळां करावें. सर्व पाठ करपली असेल तर तितकाच वेळ कोमट-गार पाण्यानें स्नान घालावें. लहान मूल कांपूं लागलें तर तेथेंच थांबावें.

बर्फ घासूं नये. अतिशीत पदार्थानें आधींच दुखावलेल्या त्वचेला दुसरी इजा होते. तसेंच उटणें, डाळीचें पीठ, घासणी, सुगंधी साबण यांपैकीं कांहींहि त्या जागीं लावूं नये. अंग पुसतांना चोळूं नये. टिपून घ्यावें आणि थोडा ओलावा राहूं द्यावा. त्या ओल्या त्वचेवर कॅलॅमाइन लोशन, साधें वासरहित क्रीम किंवा कोरफडीचा गर यांपैकीं एक हलक्या हातानें लावावें. अंगांत सैल, जुना, सुती कपडा असावा. निजतांना करपलेली बाजू वर राहील असें निजवावें.

या दुखण्यांत शरीरांतील पाणी त्वचेकडे ओढलें जातें व तेथून उडून जातें. म्हणून पाणी, ताक, पन्हें, कोकमाचें सरबत हीं वरचेवर द्यावींत. ओकाऱ्या होत असतील किंवा फार थकवा असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ती जलसंजीवनी घोट घोट पाजावी. मिठाचें माप अंदाजानें वाढवूं नये. वेदना फार असल्यास पॅरासिटामॉल पुरतें; मुलांना तें वजनाच्या मानानें, डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेंत द्यावें. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊं नये. क्वचित् कां होईना, त्यापासून यकृत व मेंदू यांना घातक असा विकार उद्भवतो.

फोड आले तर ते फोडूं नयेत. फोडावरील पातळ पापुद्रा हीच खालच्या कच्च्या त्वचेची सर्वांत चांगली पट्टी असते. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्यानें व सौम्य साबणानें धुवून, न चिकटणारी निर्जंतुक पट्टी सैल बांधावी. पुढें सालपटें निघूं लागलीं म्हणजे मुलांना तीं ओढून काढण्याची मोठी हौस असते. ती आवरावी आणि त्वचा मऊ राहील असें क्रीम लावीत जावें.

या सर्व उपायांहून वरचढ असा एक उपाय आहे, आणि तो बाजारांत मिळत नाहीं. तो म्हणजे चुलीपासून सुट्टी. करपलेल्या त्वचेला शेगडीची धग, वाफ व घाम तिन्ही सोसवत नाहींत. दिवसभर वाळवणें घालून मान भाजून घेतलेल्या सुनेला त्याच रात्रीं पोळ्यांच्या तव्यापुढें उभें करणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. एकत्र कुटुंबाचा जर कांहीं फायदा असेल तर तो याच वेळीं दिसावा. दोन दिवस पोळ्या जावेनें लाटल्या, किंवा घरांतील पुरुषांनीं खिचडी टाकली, तर घराचें कांहीं बिघडत नाहीं. तिनें स्वतः होऊन सुट्टी मागण्याची वाट पाहूं नये; सासूबाईंनींच "आज तूं आंत पंख्याखालीं पड" असें म्हटलें, तर त्या चार शब्दांनीं निम्मी आग शमेल.

आजीबाईच्या बटव्याची छाननी

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं अनुभवानें जमविलेल्या उपायांपैकीं कांहीं उत्तम आहेत, कांहीं निरुपद्रवी आहेत आणि कांहीं सरळ अपायकारक आहेत. सगळेच टाकावे असें नाहीं, आणि सगळेच पाळावे असेंहि नाहीं.

कोरफड ही पहिल्या वर्गांतील. तिचा गर गार असतो व त्वचेंतील ओलावा टिकवितो. मात्र पान कापतांच जो पिवळा, कडू चीक निघतो तो त्वचेला झोंबतो. म्हणून कापलेलें पान दहा-पंधरा मिनिटें उभें ठेवून चीक निथळूं द्यावा, पान धुवावें, साल काढून आंतील स्वच्छ, पारदर्शक गर तेवढा घ्यावा. प्रथम थोड्या जागीं लावून, खाज सुटत नाहीं असें पाहून मग सर्वत्र लावावा.

दह्यानें गार वाटतें तें त्यांतील पाण्यामुळें. त्वचा अखंड असेल तर दहा मिनिटें लावून धुवून टाकल्यास विशेष अपाय नाहीं. पण फोड आले असतील किंवा साल गेली असेल तर दही लावूं नये. ओल्या फडक्यानें तेंच काम अधिक स्वच्छतेनें होतें. करपलेल्या माणसाच्या दृष्टीनें दह्याची खरी जागा ताकाच्या भांड्यांत.

तूप आणि खोबरेल यांची वेळ चुकते. त्वचा तापलेली असतांना स्निग्ध थर दिला, कीं आंतली धग आंतच कोंडते. आग शमल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, कोरड्या पडलेल्या त्वचेवर शुद्ध खोबरेलाचा पातळ हात फिरविण्यास हरकत नाहीं. आयुर्वेदांत सांगितलेलें शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या ताटांत पाण्यानें शंभर वेळां फेंटून व दर खेपेस पाणी टाकून केलेलें पांढरें, लोण्यासारखें मऊ तूप, तेंहि याच वेळीं, अखंड त्वचेवर योग्य. कोंकणांत भिरंडेल म्हणून कोकमाच्या बियांचें जें घट्ट तेल निघतें, तें उन्हानें फुटलेल्या ओंठांना चांगलें.

चंदन आणि मुलतानी माती ओली असेपर्यंत गार वाटते. वाळली कीं त्वचा ओढते, आणि ती काढण्यासाठीं चोळावें लागतें. हळदीनें कांहींना खाज सुटते, आणि तिच्या पिंवळ्या रंगाखालीं लाली वाढली कीं उतरली हेंच कळेनासें होतें. दांत घासण्याचें पेस्ट, सोडा, शाई यांचा त्वचेशीं कांहींएक संबंध नाहीं. जागा सुन्न करणारीं मलमेंहि लावूं नयेत. त्यांनीं वेगळीच पुरळ उठण्याचा संभव असतो.

राहतां राहिलें लिंबू. याविषयीं मात्र निक्षून सांगणें अवश्य आहे. लिंबाच्या रसांत व विशेषतः सालींत अशीं द्रव्यें असतात, कीं तीं त्वचेवर असतांना ऊन पडलें तर ऊन न करपवील इतकें त्या द्रव्यांमुळें करपवितें. दुसऱ्या दिवशीं फोड येतात आणि मागें राहणारे काळे डाग कित्येक महिने जात नाहींत. बावची या वनस्पतींतहि अशींच द्रव्यें असतात, आणि कोडावरील उपचारांत तिचा उपयोग होतो तो याच गुणामुळें. म्हणून तिचें तेल वैद्याच्या सल्ल्यावांचून लावूं नये. म्हणजे काळेपणा घालविण्यासाठीं लावलेलें लिंबूच काळेपणा आणतें. लिंबाचें सरबत अवश्य प्यावें. लिंबू त्वचेवर पिळूं नये. आणि सरबत करणाऱ्या हातांनीं हात धुतल्याखेरीज उन्हांत जाऊं नये.

डॉक्टरांना केव्हां दाखवावें

साधें करपणें घरच्या शुश्रूषेनें बरें होतें. परंतु एक वर्षाच्या आंतील मूल करपलें असेल. अंगाच्या मोठ्या भागावर किंवा तोंडावर फोड आले असतील. ताप, हुडहुडी, ओकाऱ्या, घेरी हीं लक्षणें असतील. लघवी फार कमी होत असेल. डोळे दुखून उजेड सहन होत नसेल. किंवा दोन दिवसांनंतर वेदना कमी न होतां वाढून पू, सूज अथवा लाल रेघा दिसत असतील, तर विलंब न लावतां डॉक्टरांना दाखवावें. माणूस असंबद्ध बोलूं लागला किंवा त्याची शुद्धि जाऊं लागली, तर तो उष्माघात समजून, अंगावर पाणी शिंपडीत व वारा घालीत, त्याला ताबडतोब रुग्णालयांत न्यावें.

थोड्याशा उन्हानेंहि एखाद्याची कातडी वारंवार करपत असेल, तर तो माणूस कोणतें औषध घेत आहे हें पाहावें. रक्तदाबासाठीं दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या कांहीं गोळ्या, तसेंच डॉक्सिसायक्लिन हें औषध, त्वचेला उन्हाविषयीं हळवें करतात. सकाळचें फिरणें उशिरांपर्यंत लांबविणाऱ्या आजोबांचा हात लाल होतो त्याचें मूळ कधीं कधीं त्यांच्या औषधाच्या डबींत असतें. मात्र गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें. ज्यांच्या अंगावर कोडाचे डाग आहेत त्यांच्या त्या डागांत रंगद्रव्य नसतें, व ते फार लवकर करपतात. अशा माणसाला घरांत लपवून ठेवण्याची गरज नाहीं; त्याला लांब बाह्यांचा सदरा आणि छत्री यांची गरज आहे.

रंगाची काळजी

आतां मूळ तक्रारीकडे वळूं. ऊन लागल्यावर त्वचा सांवळी होते ती शिक्षा म्हणून नव्हे, तर संरक्षण म्हणून. त्वचेच्या खालच्या थरांतील पेशी रंगद्रव्य तयार करून वरच्या पेशींना पुरवितात, आणि तें द्रव्य पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखें पसरतें. त्वचेचा वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यांत नवा होत असतो, आणि पुन्हां ऊन न लागल्यास हा वाढलेला रंग हळूहळू आपोआप उतरतो. त्यासाठीं थांबावें लागतें, एवढेंच.

हें थांबणें होत नाहीं, आणि मग नुकसान होतें. वधूपरीक्षेचा दिवस ठरलेला असतो, किंवा घरांत कार्य असतें, आणि कोणी तरी सुचविलेली मलमाची नळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून आणली जाते. अशा पुष्कळ मलमांत जोरदार स्टिरॉइड असतें. त्यानें आठ-पंधरा दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढें त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात, बारीक लाल शिरा दिसूं लागतात, आणि मलम थांबवितांच आग होऊन चेहरा लाल होतो. मग तें सोडवत नाहीं. ज्या मुलीला चार दिवसांची विश्रांति पुरली असती, तिला वर्षभर त्वचारोगतज्ज्ञाकडे हेलपाटे घालावे लागतात. रंगाच्या एका शेऱ्याची ही किंमत फार मोठी आहे.

उद्यांचें ऊन

ऊन आपलें शत्रु नव्हे. हाडांना लागणारें ड जीवनसत्त्व त्याच्याचमुळें त्वचेंत तयार होतें. त्याच्याशीं बेतानें वागावें, एवढेंच. कुरडया-पापड सकाळीं नऊच्या आंत घालून व्हावेत आणि काढण्यास सायंकाळीं जावें. मधल्या वेळीं कावळे-चिमण्यांची राखण करण्यासाठीं कोणी उन्हांत बसण्याची गरज नाहीं. वर पातळ पांढरें कापड किंवा जाळी ताणून बांधली कीं काम भागतें. गच्चीवर जातांना लांब बाह्यांचा जुना सुती सदरा चोळीवर घालावा आणि पदर मानेवरून घ्यावा. पुरुषांच्या टोपीला कान व मान झांकील अशी कड असावी. ओला पांढरा पातळ सदरा कोरड्याहून पुष्कळ अधिक किरण आंत सोडतो, म्हणून समुद्रावर मुलांना दाट विणीचे, गडद रंगाचे कपडे घालावेत.

जेथें कपडा पोंचत नाहीं तेथें ऊन-प्रतिबंधक क्रीम लावावें. त्याच्या डबीवर जो एसपीएफचा आंकडा असतो तो ३० किंवा अधिक असावा. तीसचें क्रीम पुरेसें लावल्यास 'बी' वर्गाचे सुमारें सत्याण्णव टक्के किरण अडवितें. परंतु आपण तें गंधासारखें बोटाच्या टोंकानें लावतों, तेथेंच चुकतें. तोंड व मान यांसाठीं तर्जनी आणि मधलें बोट या दोहोंच्या लांबीइतकें क्रीम लागतें, आणि दर दोन तासांनीं, तसेंच पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर, तें पुन्हां लावावें लागतें. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्यास क्रीम नको. त्याला सांवलींतच ठेवावें.

यांपैकीं एकहि गोष्ट खर्चाची किंवा कठीण नाहीं. जी आहे ती लक्ष देण्याची. ज्या घरांत गच्चीवरच्या पापडाला ऊन किती लागलें हें दर तासाला कोणी तरी जाऊन पाहतें, त्या घरांत पापड घालणारीला तें किती लागलें, हेंहि एकदां कोणी तरी विचारावें.